हातमोज्यांच्या काउंटरवरची उशी

सकाळचे पावणेनऊ. हेर्टा लिलिएनफेल्ड काउंटरवरची मखमली उशी झटकत होती. गिऱ्हाइकाने त्या उशीवर कोपर टेकून हात उभा धरायचा आणि हेर्टाने पावडर टाकलेला हातमोजा एकेक बोट दाबत चढवायचा, ही जर्मनीतल्या एरफुर्ट शहराच्या गुटहाइम स्टोअरची जुनी पद्धत. हेर्टाने सगळी नोकरी याच काउंटरवर काढली होती.

१९३६च्या त्या ऑक्टोबरात गुटहाइम कुटुंबाने पडेल किमतीला दुकान विकले. ज्यू असल्यामुळे त्यांना दुसरा इलाज उरला नव्हता. नवे मालक ड्रेक्स्लर यांनी हेर्टा सोडून बाकीच्या ज्यू नोकरांना काढले. हेर्टाला ते त्या सकाळी म्हणाले, "जुनी गिऱ्हाइकं तुम्हालाच मागतात म्हणे. आज बघतो."

दहाच्या सुमारास विगांडबाई आल्या. नेहमीच्या गिऱ्हाईक. ड्रेक्स्लर जवळच उभे होते.

"या बाई. बोटं सुजलेली दिसतात, पाव नंबर मोठा काढते."

"माझी बोटं माझ्यापेक्षा तुलाच पाठ गं!" हसत बाईंनी कोपर टेकले. मग त्यांची नजर ड्रेक्स्लरांच्या कोटावरच्या नाझी पक्षाच्या बिल्ल्यावर गेली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे. ही मुलगी घालेल." त्यांनी शेजारी उभ्या नव्या विक्रेतीपुढे, लीझलपुढे हात धरला.

लीझल कोरडाच मोजा ओढू लागली.

"आधी पावडर," हेर्टा हळूच म्हणाली.

"शिकेल ती," ड्रेक्स्लर म्हणाले. "संध्याकाळी मोज्यांच्या खणाची किल्ली तिच्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशीही दुकान नऊलाच उघडणार होते. हातमोज्यांच्या काउंटरवर लीझल असणार होती.