माझी एक मिनिट शांतता आणि तात्यांचं मरण

आज मी मुंबईत टिकून आहे ती आमच्या शेजारच्या शकीलाचाचींमुळं. त्यासाठी त्यांना माझे धडधाकट चुलते मारावे लागले, एवढंच.

मी नववीतनं शाळा सोडलेली. मुंबईत सिनेमाच्या साउंडच्या कोर्सला बाकी सगळे पदवीवाले, आणि माझे आधीचे दोन सराव नापास! सुट्टीला इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी निघाले तेव्हा सर म्हणाले, "घरातली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून आण. हेही बिघडलं तर परत येऊ नकोस." (प्रत्येक घराची शांतता वेगळी असते म्हणे. सिनेमात ती संवादांच्या मधे भरतात. आमच्या घरातली आजवर कुणी ऐकलीच नव्हती.)

माझे वडील, आप्पा, फौजेतनं रिटायर. त्यांनी कमांडच हाती घेतली. टीव्ही बंद, पंखा बंद, फ्रीज बंद, कोंबड्या डालग्याखाली! सगळ्यांना भिंतीकडेला मांडी घालून बसवलं. "माना खाली! श्वास हळू!" फक्त तात्या, म्हणजे माझे चुलते, तेवढे मोटर दुरुस्तीला इस्लामपूरला गेलेले. मी लांब काठीवरचा माईक धरून मधे उभी, कानाला हेडफोन.

आठ सेकंद झाले आणि काकूंना शिंक आली! त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

नेमक्या तेव्हाच शकीलाचाची विरजण मागायला दारात. दुपारच्या मालिकेच्या वेळेला टीव्ही बंद, सगळ्यांच्या माना खाली, काकू रडतायत आणि तात्या कुठंच दिसत नाहीत! चाचींच्या हातनं वाटीच पडली.

"आवं तात्याऽऽ! कसं गेलासा वोऽऽ!"

आम्ही हादरलोच! चाची बाहेरनं आलेल्या, म्हणजे त्यांना बातमी लागली असणार! काकूंनी बोळा काढून हंबरडा फोडला. जन्मात न रडलेले आप्पा भिंतीला डोकं टेकून हुंदके देऊ लागले. गल्ली जमली. कुणीतरी आमच्यासाठी पिठलं-भाकरी करायलाही पळालं. (कुणी सांगितलं, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही.)

पंधरा मिनिटांत तात्या मोटारसायकलवरनं दारात! गर्दी बघून त्यांनी गाडी तिथंच आडवी टाकली. "कोण गेलं रं?" त्यांना बघून बायकांनी आणखी मोठ्यानं गळा काढला. मग तेही रडायला लागले.

काकूंनी त्यांना चिमटा काढून बघितला. "आवं, तुमी हायसा?"

"हाय की! मग मेलंय कोण?"

सगळ्यांनी चाचींकडं बघितलं.

"मला काय ठावं? तूच रडत हुतीस न्हवं!"

"म्या शिंक दाबत हुते!" काकू म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं ती शिंक आली.

मुंबईला परतले ती गाशा गुंडाळायच्या तयारीनं. सरांनी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. "शांतता आठ सेकंद. पण एवढ्या आक्रोशात आवाज कुठंही फाटलेला नाही. जो रडेल त्याच्याकडं माईक बरोबर वळलाय. ये सोमवारपासून."

पास! पण मी आतनं हादरले. तात्या गेले म्हणून डोळ्यांना धार होती, आणि हातानं तेवढ्यात रेकॉर्डरचं बटण फिरवून आवाज कमी केला होता! हे तात्यांना अजून सांगितलेलं नाही.

चाचींचे उपकार मात्र मी एक दिवस फेडणारच. माझा पहिला सिनेमा लागला की इस्लामपूरच्या थेटरात त्यांना मधल्या खुर्चीत बसवणार. शेजारी काकूंना बसवीन. मी शेजारी बसले आणि चाचींनी नुसता हुंदका दिला, तरी माझा हात बटणच शोधायचा!