मागच्या दाराची चिठ्ठी
जुनं विंटर जॅकेट डोनेट करायला बेसमेंटमधून वर आणलं, तर खिशातून बोटभर पांढरी चिठ्ठी पडली आणि पंधरा वर्षांपूर्वीची, इथल्या वॉटर्लूच्या ऑफिसातली ती मीटिंग डोळ्यांपुढे उभी राहिली. जपानच्या खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या एका डब्याच्या रेल्वेतून स्वतः फिरून, महिनाभर खपून मी रिपोर्ट लिहिला होता आणि माझ्या पुणेकर बॉसनं त्यावर सरळ आपलं नाव टाकलं. जाब विचारला तर म्हणाला, ‘अरे, आपल्याच माणसाचं नाव आहे ना!’ रिपोर्टावर बोलायला त्या रेल्वेचे जपानी पाहुणे आले त्या दिवशी बाहेर बर्फ भुरभुरत होता, आत कॉफीचा करपट वास होता, आणि बॉस रंगात येऊन सांगत होता की त्या गाडीतून तो स्वतः फिरलाय. मी गोड आवाजात विचारलं, ‘कुठल्या दारानं चढलात?’ ‘ऑफकोर्स, पुढच्या! ड्रायव्हरनं वाकून नमस्कार केला.’ पाहुण्यांनी माना खाली घातल्या. त्या गाडीत मागच्या दारानं चढतात, तिथल्या मशीनमधून नंबराची चिठ्ठी घेतात, आणि पुढच्या दारानं फक्त उतरतात. रिपोर्टात ते लिहिलेलंही होतं, पण नाव बदलण्यापलीकडे त्यानं तो उघडलाच नव्हता. प्रवासात मी चुकून दोन चिठ्ठ्या ओढल्या होत्या; एक उतरताना भाड्यासोबत दिली, उरलेली जॅकेटच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. थोरल्या पाहुण्यानं ती दोन्ही हातांनी उचलून वाचली, तशीच मला परत दिली आणि आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. बॉसचा दर दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज येतो. यंदा उत्तरात मी या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आपल्याच माणसाकडून.’