मादाम आणि बाबांची चाल

मादाम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. अमेरिकेत, सनीव्हेलला त्यांच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये मी राहायला आलो, तेव्हा नाव विचारण्याआधीच म्हणाल्या, "तुला कुणीतरी मागून हाक मारेल, असं वाटत असतं का? तसा चालतोस."

त्या मूळच्या फ्रान्सच्या. छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म करायच्या. ऐन उमेदीत इथल्या एका स्टुडिओनं बोलावून घेतलं. पुढे कॉम्प्युटर आले, कागदावर काढणाऱ्यांची गरज संपली. मादाम मात्र इथेच राहिल्या आणि घरात, खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवून काढत राहिल्या. एका सेकंदाला बारा चित्रं. चाळीस वर्षांत सात फिल्म, सगळ्या मिळून तासभरही भरणार नाहीत.

प्रत्येक फिल्ममध्ये कुणीतरी पाठमोरं चालत जायचं. मी एकदा कारण विचारलं.

"माझा भाऊ. मी सहा वर्षांची होते. तो बंदराकडे गेला आणि परत आला नाही. चेहरा आठवत नाही. चाल आठवते."

माझे बाबा सहा महिने माझ्याकडे राहून गेले. रोज संध्याकाळी पार्किंगला फेऱ्या मारायचे. मादाम बाल्कनीतून मान हलवायच्या, बाबा हात जोडायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

पुण्याला परतल्यावर त्या हिवाळ्यात बाबा गेले. माझं व्हिसाचं काम अडकलेलं होतं. गेलो असतो तर परत येता येईलच याची खात्री नव्हती. मी गेलो नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला.

महिन्याभरानं मादामनी घरी बोलावलं आणि स्क्रीन लावला. बाबा चालत होते. एक हात पाठीमागे, डावा पाय किंचित घासत.

"मी फक्त पाय काढले," मादाम हळूच म्हणाल्या. "बाकीचे ते स्वतःच आले."

मी ते आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चित्र संपलं की पुन्हा सुरू व्हायचं. आईनं ते तीन-चारदा पाहिलं. मग म्हणाली, "किती चालवता रे त्यांना? दमले असतील. बसू दे जरा."

मी मादामना तसंच सांगितलं. तोवर त्यांचा हात थरथरायला लागला होता. तरी त्यांनी चित्रात बाक काढला आणि दिवसाला दोन-तीन कागद, असं काम सुरू केलं. मार्चमध्ये त्या गेल्या. त्यांच्या भाचीनं कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

शेवटच्या चित्रात बाबा बाकाशी पोचलेत. गुडघे वाकलेत, एक हात मागे आधार शोधतोय. पुढचा कागद कोरा आहे.

आई दर रविवारी विचारते, "बसले का रे?"

मी हो म्हणतो.