टफीच्या डोळ्यांवरच्या जटा

मूर्तींचे साचे, घरातला झोपाळा, कारखान्याचा मांडव, रंग ढवळायचं यंत्र. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय, कुणाकडे शिकायला न जाता. आज त्याच हातांनी कुत्र्याच्या तोंडावरचे केस कापले.

आमच्या जोहे गावातली शेजारची काकी सकाळी तिच्या झिपऱ्या टफी कुत्र्याला घेऊन आली, मागोमाग तिचा मुलगा आणि नातू. काल टफी रामवाडीहून आलेल्या नातवावर गुरकावला, म्हणून मुलानं त्याला कुणालातरी देऊन टाकायचं ठरवलंय. काकीचे डोळे सुजलेले.

"जपून रं, चावंल."

"चावत नाय गो काकी. त्याला दिसत नाय."

डोळ्यांवर नुसत्या जटा. कोमट ओल्या कापसानं चिपडं मऊ केली. कातडीला फणी लावली आणि फणीच्या वरचेच केस कापले. कात्री गोल टोकाची, टोक डोळ्यापासून लांब. मूर्तीचे डोळे आखताना आम्ही करंगळी तिच्या गालावर टेकवतो, तशीच इथेही टेकवली. कुत्र्यानं मान हलवली की हातही तिच्यासोबत हलतो.

मग नातवानं हात पुढे केला. टफीनं तो नीट पाहिला आणि चाटला.  ते बघून काकीचा मुलगा म्हणाला, "राहू दे त्याला."

तुमच्या कुत्र्याच्या डोळ्यांवरचे केस कोण कापतं? घरच्याच माणसानं शिकावं, ओळखीच्या हाताखाली ते कमी बिचकतं. काकीला मी करंगळी टेकवायला शिकवली.

जाताना मुलगा म्हणाला, "दादा, दर रविवारी रामवाडीला आमच्या सोसायटीत या. एका कुत्र्याचे पाचशे."

मी नाही म्हटलं. पण फक्त पाचशे रुपयांना. रविवारी जाणार आहे, करंगळी टेकवायला शिकवायला.