सातवा रकाना

चाकणच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत टिक करायची नाही, एवढा एक नियम मी कधी मोडलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात कंपनीची सहल ठरत होती. दर वर्षी तोच रिसॉर्ट, तीच घसरगुंडी. मी भीमाशंकर सुचवलं. देवळासाठी नाही, जंगलासाठी. शेकरू बघायला.

"शेकरू म्हंजी खारच ना, ताई?" कुरुळीचे एक जुने ऑपरेटर म्हणाले. "मग कॅन्टीनमागं रोज येती की! तिलाच दोन पोहे टाका." सगळे हसले.

"या वर्षी तुमचं ऐकतो," साहेब म्हणाले. "सहल फसली तर पुढच्या वर्षी परत रिसॉर्ट."

जंगलात काय काय बघायचं याची मी दहा रकान्यांची यादी केली. सातवा शेकरूचा.

सकाळी आठला आम्ही जंगलात होतो. डोक्यावरून धनेश पक्षी गेला. त्याच्या पंखांचा आवाज ऐकून पोरींनी सेल्फी सोडली. नागफणीच्या कड्यावर उभे राहिलो तर सर्पगरुड आमच्या पायांखाली घिरट्या घालत होता, आणि त्याच्याखाली सगळं कोकण. खारीवाले ऑपरेटर तिथून हलेचनात. शेकरूची घरटी तीन दिसली, उंच फांद्यांवर काटक्या-पानांचे गोळे. शेकरू मात्र नाही.

बसपाशी साहेबांनी यादी मागितली. नोटीस बोर्डावर लावायची होती.

"घरटं दिसलं ना? मग टिक करा."

"डबा दिसला म्हणजे जेवण झालं का, साहेब?"

"अहो, एका खारीसाठी कशाला अडून बसता? यादी अर्धवट दिसली तर वरचे सहल फसली म्हणतील. मग मला बोलू नका."

एका खुणेत पुढच्या वर्षीचा डोंगर पदरात पडत होता, हे मला कळत होतं. पण न पाहिलेला साधा नट मी कधी पास केला नाही. शेकरू कसं करू?

सोमवारी यादी बोर्डावर लावली. सातव्या रकान्यात लाल शाईनं लिहिलं: पेंडिंग. बोर्डाच्या वर साहेबांच्याच सहीची सूचना आहे: पेंडिंग काम संपल्याशिवाय नवीन उघडायचं नाही.

साहेबांनी आधी यादी वाचली, मग वरची सूचना.

"नियम तुमचाच हाय, साहेब," मागून खारीवाले ऑपरेटर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, आपुन उशिरा पोचलो. पुढच्या टायमाला उजाडायच्या आत मी घरट्याखाली बसतो."

मी तिथेच नवा कागद काढला. पहिली ओळ: बस पहाटे तीनला निघेल.