विहिरीचा पोहणारा धरणावर

सायकलवाल्यांची ती गादीची चड्डी मी पहिल्याच दिवशी उलटी घातली. गादी पुढे, मागे नुसतं कापड. मलकापूरहून वडनेर भोलजीपर्यंत हायवेनं तसाच गेलो. वाटेत चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाकड्यावरचे दोघे उठवून जागा करून दिली.

"बसा साहेब, आस्ते बसा. हर्नियाचं आपरेशन झालं काय?"

मी 'हाव' म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

वीस वर्षं जिनिंगमध्ये खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी उचललेला कापूस पाहणाऱ्या माणसाला पन्नाशीच्या तोंडावर पोहणं, सायकल आणि पळणं ही तिन्ही कामं एकाच सकाळी करावीशी वाटली, तर आमच्याकडे त्याला आजार म्हणतात. शहरात ट्रायथलॉन म्हणतात. मला तो एका मोबाइलच्या ग्रुपमधून लागला. ग्रुपचे म्होरके दातांचे डॉक्टर. रोज पहाटे ते स्वतःचा आवाज पाठवायचे, "उठा! तुमची मर्यादा फक्त तुमच्या डोक्यात आहे!" माझी मर्यादा पोटात होती आणि सगळ्या गावाला दिसत होती. मग बाकीचे सुरू व्हायचे. कोणी उगवता सूर्य टाकी, कोणी नवे बूट, एकानं तर स्वतःच्या घामाचा फोटो टाकला. त्यालाही सत्तावीस जणांनी हात जोडले. प्रेरणेची आवक एवढी वाढली होती, की दिवाळीनंतरच्या कापसासारखा तिचा भाव पडलेला. आणि तरी मी रोज ते ऐकायचो. म्हणजे त्यांच्यापेक्षा मोठा मूर्ख मीच.

घरात आधीच्या आजारांच्या खुणा होत्याच. दीड राग वाजलेली हार्मोनियम, मधमाश्या सोडून गेलेली पेटी, योगाच्या दोन चटया. त्यातल्या एकीवर आता पापड वाळतात. सायकल आली तेव्हा बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "शर्यत पुरी केली तं सायकल तुमची. अर्ध्यात सोडली तं माह्या भावाले देतो. थो निदान दुधाच्या कॅना तरी नेईन."

मी कबूल झालो. सायकलची मला फार पडलेली नव्हती. या बाईनं मला एकही गोष्ट शेवटाला नेताना पाहिलं नव्हतं, आणि आता तिला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं, हे मात्र लागत होतं.

पोहण्याचा सराव वडनेरला, त्याच मेहुण्याच्या विहिरीत. लहानपणी पाठीला डबा बांधून मी विहिरीतच शिकलो, त्यामुळे पोहण्याचा मला भलताच माज. विहिरीत सरळ पोहायला जागा नसते. चार हात मारले की समोर दगड. म्हणून काठाकाठानं गोल फिरायचं. मी डावीकडे वळत फिरायचो, शंभर शंभर फेऱ्या. मेहुणा वर मोटरच्या पेटीजवळ लाइटची वाट पाहत उकिडवा बसलेला असायचा.

"भाऊजी, घाण्याचा बैल बी मंधात थांबते बरं."

लाइट आली की तो ओरडायचा, "निघा वरते, पाणी सोडतो." की माझा सराव संपला.

शर्यत जिल्ह्यातल्याच एका धरणावर होती. पुण्या-नागपूरचे लोक रबरी कपडे घालून काठावर उभे. आमच्याकडे त्या पाण्यात म्हशी उघड्यानंच उतरतात. प्रेरणा द्यायला एक वक्ता बोलावला होता. त्यानं अर्धा तास 'स्वतःला पाण्यात झोकून द्या' म्हणून सांगितलं, आणि पायाला ओल लागू नये म्हणून खुर्ची दोनदा मागे सरकवली. बायको डबा घेऊन बाभळीखाली बसली होती.

पाण्यात मोठे लाल फुगे तरंगत ठेवले होते, त्यांना वळसा घालून परत काठाला यायचं. शिट्टी वाजली. डोकं पाण्यात घालून मी जे हात मारत सुटलो, ते थांबलोच नाही. थोड्या वेळानं आजूबाजूला कोणाचा हात लागेना, की पाय लागेना. वाटलं, सगळे मागे पडले. काय तो आनंद! डोकं वर काढलं तर समोर म्हैस. तिला धुणारा माणूस हातातला पेंढा थांबवून माझ्याकडे पाहत होता.

"काय हारवलं भाऊ?"

"लाल फुगा कुठंय?"

"थो पाहा, थ्या तिकडं. तुमी तं डावीकून पुरा अर्धा गोल मारला."

शंभर फेऱ्यांनी शरीराला एवढंच शिकवलं होतं. दगड नसला तरी ते दगड चुकवत वळत राहिलं.

परत फिरलो, दर दहा हातांनी मान वर काढत, फुग्यांना वळसा घातला आणि बाहेर आलो, तेव्हा रांगेत एकच सायकल उरली होती, माझी. यादीवाल्या पोरीनं घोट्याला बांधलेला वेळ मोजायचा पट्टा सोडून घेतला. "सर, वेळ संपली. तुम्ही बाद."

दातांचे डॉक्टर धावत आले. गुडघा दुखत असल्यामुळे यंदा ते फक्त टाळ्या वाजवणार होते. "हरणं महत्त्वाचं नाही सर, प्रयत्न..." पुढचं मी ऐकलं नाही. मी बाभळीकडे पाहिलं. बायको उठून डबा पिशवीत भरत होती. कपाळावर आठीसुद्धा नाही. हे असंच होणार हे तिला घरून निघतानाच ठाऊक होतं.

मी सायकलवर बसलो. डॉक्टर "सर, सर" करत राहिले.

वीस किलोमीटर सायकल आणि पाच पळणं, त्यातलं निम्मं चालणं. वाटेवर पाण्याचे टेबल उचलत होते, एकानं विचारलं, "शर्यत तं झाली, तुमी काऊन पळून राह्यले?" त्या सगळ्या वाटेत एकही सुविचार आठवला नाही. त्या वक्त्याची खुर्ची, डॉक्टरांचा गुडघा आणि माझी ती म्हैस, यांचा संताप तेवढा पुरला.

पोचलो तेव्हा मंडप उतरला होता. शेवटाची हवेची कमान जमिनीवर पसरलेली, तिच्या एका टोकावर बायको चपला घालून उभी. मंडपवाला वैतागलेला.

"या बाई अर्ध्या घंट्यापासून घडी घालू देऊन नाही राह्यल्या!"

मी कमान तुडवत पलीकडे गेलो. ना टाळी, ना मेडल. गार भाकरी हातात घेऊन विचारलं, "सायकल?"

"राहू द्या घरी," ती म्हणाली. मग पिशवीचा बंद आवळत, माझ्याकडे न पाहता, "मी पाह्यलं काठावरून. उद्यापासून विहिरीत उलट्या बाजूनं फिरत जा."