पाडायच्या घराची स्नॅग लिस्ट

जगात जे जे खोटं आहे ते खरं करून ठेवायचं, एवढ्याच कामासाठी देवाने आमच्या फोरमनकाकांना सावंतवाडीकडून दुबईला पाठवलं असावं, अशी माझी पक्की समजूत आहे. काका हाडाचे सुतार. इथल्या ऑफिसांची आणि दुकानांची आतली कामं करण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. पार्टिशन, दारं, काउंटर, फॉल्स सीलिंग. आता फॉल्स सीलिंग म्हणजे नावातच खोटं. त्यावर कुणी चढत नाही, त्याने फक्त वायरी आणि पाइप झाकायचे. पण काकांनी केलेल्या सीलिंगवर दोन माणसं पथारी टाकून दुपारची झोप काढू शकतील. एका शोरूममध्ये पुठ्ठ्याची, आतून पोकळ पुस्तकं मांडायला कपाट हवं होतं. काकांनी त्याला सागाच्या पट्ट्या मारल्या. मी म्हटलं, काका, पुस्तकं पोकळ आहेत. ते म्हणाले, "आज पोकळ आसत. उद्या कोणी वाचणारो इलो तर?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी स्वतःच जरा पोकळ होतो. जिंतूरच्या शाळेत शिकून, औरंगाबादला इंजिनियरिंग करून मी इथे साइट इंजिनियर म्हणून आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील एसटी स्टँडावरच्या कँटीनमध्ये भजी तळायचे. त्यामुळे डिग्रीचं सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, असं गुंडाळून उशाखाली ठेवत असे. इंटरनॅशनल सिटीतल्या चायना क्लस्टर नावाच्या वस्तीत आमचा चौघांचा फ्लॅट होता आणि काका माझ्या शेजारच्या पलंगावर. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी साइटवरच्या उरलेल्या सागाची फ्रेम करून आणली, सर्टिफिकेट तिच्यात बसवलं, आणि खिळा मारण्याआधी लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला अर्धा तास ती भिंतीला धरून उभं केलं. "डिग्री वाकडी दिसूक नको, झिला," एवढंच बोलले. माझ्या शिक्षणाचा इतका मान त्यापूर्वी कुणी ठेवला नव्हता. साइटवर चार लोकांसमोर ते मला 'इंजिनियरसाहेब' म्हणत आणि घरी आल्यावर 'झिला', म्हणजे पोरा, म्हणून कांदा चिरायला बसवत. दोन्ही हाकांमध्ये माया सारखीच असायची.

काकांचा दुसरा गुण म्हणजे ते कुणाकडे काही मागत नसत. मागणं त्यांच्या जिभेवर उमटतच नसे. ताटात मीठ कमी पडलं तर ते मिठाच्या बरणीकडे बघत म्हणायचे, "आज मीठ भारीच लाजता." मग ज्याला समजायचं त्याने समजून बरणी सरकवायची. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कंपनीकडे पगारवाढ मागितली नाही, रजा मागितली नाही, खिडकीजवळचा पलंगसुद्धा मागितला नाही.

अशा माणसाच्या वाट्याला एक चिनी सिरियल आली.

जुन्या काळातल्या एका श्रीमंत चिनी घराण्याची गोष्ट होती. उंटांचे तांडे घेऊन वाळवंटापलीकडे व्यापार करणारं घराणं. एक म्हातारा मालक, त्याच्या तीन बायका, चार मुलगे आणि सुना. वाळवंटातलं शूटिंग इथे करायचं होतं, म्हणून त्यांनी घराचा सेटही शारजातल्या एका गोदामातच उभारायचं ठरवलं. ते काम आमच्या कंपनीला मिळालं. मॅनेजरने विचार न करता काकांचं नाव दिलं. कारण विचारलं तर म्हणाला, "तो चायना क्लस्टरमध्येच राहतो ना? यल्ला, खलास."

काकांनी ड्रॉइंग पसरलं आणि बोटाने एकेक भिंत मोजली. मग चष्मा पुसून म्हणाले, "झिला, हेका चौथी भिंत नाय."

"तिथे कॅमेरा असतो, काका."

"आणि कॅमेरो गेल्यावर मगे?"

"तेव्हा घरही जातं."

हे उत्तर त्यांना पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. ते रोज नवा प्रश्न घेऊन यायचे. एवढ्या माणसांच्या घरात न्हाणी कुठे आहे. धाकट्या सुनेने कपडे कुठे वाळत घालायचे. चुलीचा धूर मोठ्या मालकिणीच्या खोलीत जाणार, ती बोलणार नाही का. ही चौकशी पोचायची एका चिनी बाईंकडे. त्या आधी ड्रॅगन मार्ट या इथल्या चिनी बाजारात झुंबरं विकायच्या आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करता करता त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा धारदार झालं होतं. सेटवर त्या दुभाषी होत्या. आम्ही त्यांना झुंबरबाई म्हणत असू. त्या आधी हसायच्या, मग डायरेक्टरबाईंना जाऊन सांगायच्या. डायरेक्टरबाई तिशीतल्या, बारीक, कधीच न हसणाऱ्या. त्या ऐकून घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. तेवढ्यात काकांनी कुणाला न विचारता अंगणाच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असायचा. गोदामात पाणी येणार कुठून, असं मी विचारलं. पुढे एका प्रसंगासाठी नळ्यांतून पाऊस पाडला, तेव्हा सगळं पाणी पाच मिनिटांत एका कोपऱ्यात जाऊन नाहीसं झालं. काका त्या कोपऱ्याशी पोराची पहिली पावलं बघावीत तसे उभे होते.

धाकट्या सुनेवर त्यांचा विशेष जीव. तिचा नवरा तांड्याबरोबर गेलेला आणि वर्षानुवर्षं न परतलेला, असं कथानक होतं. ड्रॉइंगमध्ये तिची खोली कोंदट, स्वयंपाकघराला लागून, एकही खिडकी नसलेली. एका सकाळी मी पोचलो तर तिथे खिडकी होती. तीही थेट वाड्याच्या मोठ्या दरवाजासमोर. "कोण इलो, कोण गेलो, ह्यां घरातल्या बाईक दिसूक नको?" काका म्हणाले आणि रंधा मारत राहिले. डायरेक्टरबाई आल्या, त्या खिडकीसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात राजीनामा लिहून ठेवला. मग त्यांनी त्या सुनेचं काम करणाऱ्या मुलीला बोलावून खिडकीत बसवलं आणि कॅमेरा तिकडे वळवला. त्या दिवसापासून त्या काकांना येता-जाता किंचित वाकून नमस्कार करू लागल्या. काकाही वाकायचे, पण कमरेत उसण भरलेली असल्यामुळे कुणाचा नमस्कार आधी संपला हे कळायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. काकांना साठ पूर्ण झाली होती. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. महिनाअखेरीस ते कायमचे घरी जाणार होते. जाण्यापूर्वी दहा दिवसांसाठी काकू इथे येणार होत्या, पहिल्यांदाच. या सगळ्या वर्षांत त्यांनी काकांनी इथे केलेली एकही वस्तू पाहिली नव्हती. ऑफिसांत कार्डाशिवाय आत सोडत नाहीत. आणि इथली ऑफिसं तरी किती टिकतात. नवा भाडेकरू आला की पहिल्या दिवशी जुनं सगळं तोडतो. काकांनी केलेलं अर्ध्याहून अधिक काम कधीच भंगारात गेलं होतं. एका संध्याकाळी चपाती लाटता लाटता ते कुणाकडे न बघता म्हणाले, "यंदा तिका दाखवूक एक घर आसा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं मागणं ते हेच.

काकू सोमवारी येणार होत्या. कुठला तरी कागद अडला आणि तिकीट शुक्रवारचं झालं. इकडे शूटिंग संपलं, आणि बुधवारी सेट पाडून गोदाम रिकामं करायचं ठरलं. मी काकांना म्हटलं, आपण तीन दिवस मागून घेऊ. ते म्हणाले, "काम त्येंचां, घर त्येंचां. आमी कोण?"

मंगळवारी सकाळी मात्र ते हातात कागद घेऊन झुंबरबाईंसमोर उभे राहिले. आमच्या धंद्यात काम मालकाच्या ताब्यात देण्याआधी बारीकसारीक दोषांची यादी करतात: इथे ओरखडा, तिथे बिजागरी सैल. तिला स्नॅग लिस्ट म्हणतात. ते दोष काढल्याशिवाय ताबा देत नाहीत. काकांनी मोठ्या इंग्रजी अक्षरांत चाळीस दोष लिहून आणले होते. दुसऱ्या दिवशी पाडायच्या घराचे.

झुंबरबाईंनी यादी वाचली. "फोरमन साब, कल तो तोडना है. तोडने के घर का दरवाजा आवाज करता है, तो करने दो."

"मॅडम, स्नॅग क्लिअर किये बिना मैंने आजतक हँडओव्हर नहीं दिया."

"हँडओव्हर किसको दोगे? कचरे की गाडी को?"

"किसको भी दो. ठीक करके देना चाहिये."

"कितना दिन?"

काकांनी छताकडे बघितलं. छत नव्हतंच. "शनिवार तक. इन्शाल्ला."

ते गेल्यावर मी झुंबरबाईंना खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी त्यांची बायको येतेय, तिला हे घर दाखवायचं आहे.

"तो सीधा बोलना था ना."

"वो सीधा नहीं बोलते, मॅडम."

त्या यादी घेऊन डायरेक्टरबाईंकडे गेल्या. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी लांबून बघत होतो. मला परीक्षेच्या निकालाच्या दिवसासारखं झालं होतं. डायरेक्टरबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे चाळीस दोष वाचून घेतले. मग पेन मागितलं आणि खाली चिनी अक्षरांत एक ओळ लिहिली. झुंबरबाई यादी परत घेऊन आल्या आणि गंभीर चेहऱ्याने काकांना म्हणाल्या, "डायरेक्टर बोलती है, एक छूट गया. छोटी बहू की खिडकी बराबर बंद नहीं होती. वो भी करो. शनिवार तक."

मला वाटलं काका खूश होतील. ते भयंकर दुखावले. "माझी खिडकी बंद होत नाय?" त्यांनी तिच्या फटीतून कागद सरकवून बघितला, दोरा सरकवून बघितला. काहीच जाईना. बुधवार आणि गुरुवार ते त्या निर्दोष खिडकीतला दोष शोधत राहिले. बाईंनी मुद्दाम तीन दिवस दिले आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. मलाही आता सरळ बोलवेना.

शुक्रवारी काकू आल्या. ठेंगण्या, सुती साडीतल्या, हातात घट्ट धरलेली पिशवी. गोदामात शिरल्यावर त्यांनी वाड्याच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. काका पुढे, त्या मागे, मी त्यांच्या मागे. मोठं दालन, थोरल्या मुलाची बाजू, धाकट्यांची बाजू. काका सांगत होते, हा म्हाताऱ्याचा बिछाना, ही तिघी बायकांची बसायची जागा.

"तीन बायलो?" काकू म्हणाल्या. "आणि चूल एकच?"

"गोष्टीत तसाच आसा."

"मगे वर कौलां खंय?"

"वरसून लाइट सोडतत." काका जरा वरमले. सगळं खरं करता करता तेवढं एक राहून गेलं होतं. खिडकीही दाखवून झाली. काकूंनी ती एकदा उघडली, एकदा लावली, मान हलवली. मला वाटलं, संपलं. अठ्ठावीस वर्षांचं दाखवणं वीस मिनिटांत उरकलं.

मग काकू चौथी भिंत नव्हती तिथून बाहेर पडल्या आणि सेटच्या मागे गेल्या. मागे दाखवण्यासारखं काही नव्हतं. कच्चं प्लायवुड, टेकू, स्क्रू. काका म्हणाले, "थंय काय नाय गो." पण त्या थांबल्या होत्या. प्लायवर सगळीकडे काकांच्या अक्षरात पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं होतं. मापं, तारखा, स्वतःसाठी आठवणी. काकू बोट ठेवून वाचू लागल्या. "हे दार सोमवारी लावणे." "इथे ओल आली, पुन्हा बघणे." "आज कंबर दुखते, बाकी ठीक." एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, सगळ्या घराला मागच्या बाजूने वळसा घालत त्या वाचत राहिल्या. काका खांबाशी उभे होते आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

मी खुर्ची आणून दिली. त्या बसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पयली दर म्हयन्याक पत्र येयत होतां. मगे फोन इलो, आणि ह्येंचां अक्षर बंदच झालां."

आणि पुन्हा वाचायला लागल्या.

शनिवारी सेट उतरवला. महिनाअखेर काका-काकू गावी गेले. ती सिरियल आता मोबाइलवर दिसते. मला एक शब्द कळत नाही, तरी मी बघतो. घराणं भांडतं, रडतं, म्हातारा मालक मरतो, धाकटी सून खिडकीत बसून राहते. आणि मी एकेका गुळगुळीत, रंगवलेल्या भिंतीकडे बघत आठवायचा प्रयत्न करतो की हिच्या मागे काय लिहिलं होतं.